लाटेवरची कुसळं

यशोधन पिंगळेनं सगळ्यांच्या देखत अंगातलं जॅकेट काढलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर टाकलं.

"पडदा बघून वाजवणारा डीजे म्हणजे पुस्तकात बघून आरती म्हणणारा भक्त," तो माइकवर म्हणाला. "आवाज कानानं ऐकायचा असतो. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी माझी बहीण चित्रं काढते."

नाशिकच्या ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनातला सगळा मांडव हसला. मैथिली पिंगळे कंपनीचा बिल्ला गळ्यात घालून तिथंच उभी होती. लॅपटॉप तिच्या कंपनीचा होता आणि पडद्यावरचं चित्र तिनं काढलेलं होतं. ती पुढे झाली, जॅकेट उचललं, झटकलं आणि भावाच्या हातात दिलं.

"चित्रात आता नुसतं गाणंच नाही, हातही दिसणार आहे, दादा," ती फक्त त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "सांभाळून राहा."

"धमकी देतेस?"

"सांगून ठेवतेय."

या दोघांचं असं का झालं, ते सगळ्या महाराष्ट्रातल्या डीजेंना ठाऊक होतं. सिन्नरला वडिलांचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. भावंडं त्या खोक्यांवरच वाढली. पुढे लोक पुन्हा तबकड्यांकडे वळले आणि टर्नटेबलवर हातानं गाणी खेळवणाऱ्यांच्या स्पर्धा भरायला लागल्या, तेव्हा 'पिंगळे आणि पिंगळे' ही जोडी गाजली. एकदा पुण्यात अंतिम फेरी रंगात आली असताना यशोधननं मैथिलीच्या तबकडीवरची सुई उचलली, बाजूला ठेवली आणि माइकवर सांगितलं, "माफ करा, हिचा हात जड आहे. पुढचं मी एकटा वाजवतो." आणि तो एकटा वाजवून जिंकला. मैथिली तेव्हा वीस वर्षांची होती. त्यानंतर ती लोकांसमोर तबकडीला कधी शिवली नाही, आणि राखी तर दोघांपैकी कुणालाच आठवली नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डीजे फिरवतो त्या काळ्या तबकडीत गाणं असतं. ते आता नसतं. तिच्यात असतो एकच सूर, सरळ, कंटाळवाणा, ऐकला तर कानाला टोचणारा. सुई तो सूर वाचते आणि संगणकाला कळवते, की तबकडी किती वेगानं फिरतेय आणि पुढे जातेय की मागे. सूर ताणला गेला तर वेग कमी, आवळला तर जास्त. खरं गाणं लॅपटॉपमध्ये असतं आणि तबकडी म्हणजे त्याचा लगाम. बोटानं तबकडी मागे ओढली की गाणं मागे येतं, दाबून धरली की थबकतं. आणि पडद्यावर त्या गाण्याची लाट सरकत राहते. ढोलाचा ठोका तांबडा, माणसाचा आवाज हिरवा, झांजेची किणकिण निळी. घामानं डोळे चुरचुरत असताना, दिव्यांच्या झगमगाटात, नुसत्या एका नजरेत डीजेला कळलं पाहिजे, की ठोका कुठे आहे आणि कधी येतोय. ती लाट काढणं हे मैथिलीचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लाट अगदी जवळून दाखवायची सोय ती करत होती, तेव्हा तिला कडेला बारीक कुसळं दिसली. गव्हाच्या लोंबीला असतात तशी. आधी वाटलं, प्रोग्रॅममध्ये चूक आहे. तिनं तबकडीवरचं बोट उचललं. कुसळं गेली. बोट ठेवलं. पुन्हा आली.

जिवंत माणसाचा हात कधीच पुरता स्थिर नसतो. स्नायू सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण सुईला कळतं. आजवर प्रत्येक कंपनीनं ती थरथर कचरा म्हणून गाळून टाकली होती. मैथिलीनं ती ठेवली. माणूस शांत असला की कुसळं आखूड आणि मऊ असत. घाबरला, चिडला, अंगातली कळ दाबून बसला, की ती लांब आणि विस्कटलेली होत. एका मेंदूतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या मदतीनं तिनं पुष्कळ लोकांची बोटं तबकडीवर ठेवून पाहिली. त्यात चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी हात नुसता टेकवला, तर कुसळांऐवजी कंगव्याचे दाते उमटले, सारखे, रेखीव, सेकंदाला पाच. त्यांनी तबकडी फिरवायला घेतली आणि दाते नाहीसे झाले.

"हा कंपवात," डॉक्टरीणबाई बाजूला येऊन म्हणाल्या. "हात विसावला की थरथरतो, कामाला लागला की थांबतो. भीतीचं उलटं."

मैथिलीनं हाताच्या थरथरीची ही रेषा डीजेसाठी केली होती. आपला हात आखडतोय हे त्याला वेळीच कळावं म्हणून. तिचा साहेब सुकुमार शेट्ये यानं ती पाहिली आणि खुर्चीतून उठलाच.

"डीजेला कशाला दाखवायची? प्रेक्षकांना दाखव. आपण भरवतो त्या स्पर्धांत, मोठ्या पडद्यावर."

"ते क्रूर होईल."

"म्हणून तर बघतील."

नाही म्हणणं तिच्या हातात होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला, आणि ती म्हणाली, "ठीक आहे. सक्ती करायची असेल तर सगळ्यांवरच करा. जुन्या विजेत्यांवरही."

पहिल्याच स्पर्धेत साताऱ्याच्या एका मुलीची कुसळं पडदाभर उभी राहिली आणि लोक चेकाळले. "कुसळं! कुसळं!" असा गजर झाला. तो ऐकून तिचा हात आणखी थरथरला, कुसळं आणखी वाढली, गजर आणखी चढला. ती सुई तशीच टाकून पळाली. तिकिटं दुसऱ्या दिवसापासून मिळेनाशी झाली. गाणं ऐकायला कुणी येत नव्हतं. दुसऱ्याची भीती बघायला येत होते. स्पर्धक छातीची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या खाऊन मंचावर चढू लागले.

मग ती रेषा मंचावरून खाली उतरली. खोटं ओळखता येतं असं मैथिलीनं कधी म्हटलं नव्हतं. विकणाऱ्यांनी ते तिच्या वतीनं म्हटलं. नोकरीच्या मुलाखतीत टेबलावर तळहाताएवढी तबकडी आली. लग्नाच्या बैठकीत पोह्यांच्या बश्यांशेजारी ती ठेवली जाऊ लागली, आणि "आधी कुठे काही जमलं होतं का?" या प्रश्नाला मुलगा बोट टेकवून उत्तर देऊ लागला. उत्तराकडे कुणाचं लक्ष नसे. नाशिकच्या रस्त्यावर मैथिलीला भर उन्हाळ्यात खिशात हात घालून चालणारी माणसं दिसू लागली.

पुण्याच्या मोठ्या स्पर्धेआधी तिला ऋजुता वहिनीचा फोन आला. यशोधनच्या बायकोनं तिला कित्येक वर्षांत स्वतःहून फोन केला नव्हता.

"मैथिली, यंदा त्यांना त्या रेषेतून सोड. तुझ्या शब्दाला तिथं किंमत आहे."

"का? राजे घाबरले?"

"घाबरणं वेगळं. त्यांचं काहीतरी बिनसलंय. शर्टाची बटणं मी लावून देते हल्ली. विचारलं तर अंगावर येतात."

"मग त्यानं स्वतः मला सांगावं."

"तुला सांगतील ते?"

"नाही ना? मग होऊ दे जे व्हायचं ते," मैथिली म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी पुण्यातलं बंदिस्त क्रीडागृह खचाखच भरलं होतं. मैथिली नियंत्रणाच्या टेबलाशी होती, शेट्ये तिच्या खांद्याशी. समोर मंच, वर दुमजली घराएवढा पडदा. यशोधन आला तेव्हा आधी टाळ्या पडल्या. विरोधी बाजूचा पोरगा वाजवत होता, म्हणून यशोधन बोट तबकडीवर टेकवून आपल्या पाळीची वाट बघत उभा राहिला.

पडद्यावर त्याची रेषा उमटली. दाते. सारखे, रेखीव, जणू कुणी पट्टी धरून आखलेले.

"घाबरला!" कुणीतरी मागून ओरडलं. आणि मग सगळं क्रीडागृह, "कुसळं! कुसळं!"

मैथिलीला पहिल्या दोन श्वासांतच कळलं. ही भीती नव्हती. भीती अशी रेखीव नसते. तिच्या उजव्या हाताखाली कळ होती. दाबली की पडद्यावरून रेषा जाणार होती.

"हात लावू नकोस," शेट्ये तिच्या कानाशी म्हणाला. "राजाच लटपटतोय. उद्या गावोगाव हेच बघतील."

मैथिलीनं कळ दाबली नाही. शेट्येच्या सांगण्यामुळे नाही. तिला बरं वाटत होतं. बारा वर्षांपूर्वी उचललेल्या त्या सुईचं उट्टं एकदाचं निघत होतं, आणि ते गोड लागत होतं.

यशोधनची पाळी आली. हात हलला आणि दाते पुसले गेले. रेषा रेशमासारखी झाली. त्यानं ढोलाचा ठोका मागे खेचला, सोडला, उलटा फिरवला, बाईच्या आवाजातला एकच हुंकार घेऊन त्याच्या चिंध्या केल्या आणि त्या पुन्हा शिवल्या. इतकं स्वच्छ त्यानं कधी वाजवलं नव्हतं. पण कुणी ऐकत नव्हतं. लोक पडद्याकडे बघत होते, तो थांबायची वाट बघत होते. तो थांबला, बोट टेकलं, दाते आले आणि पुन्हा गदारोळ. एक पाण्याची बाटली येऊन त्याच्या दंडावर आदळली.

तिसऱ्या फेरीत थांबायलाच नको म्हणून तो पाळी येण्याआधीच शिरला. ठोका चुकला. पंचांनी हात वर केला. संपलं.

मंचावरून उतरताना त्यानं मान वर करून पडद्याकडे पाहिलं, आणि मग खाली टेबलाकडे, तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मैथिली त्याच्या घरी गेली. दार वहिनीनं उघडलं. यशोधन खिडकीपाशी बसला होता. उजवा हात मांडीखाली दाबलेला.

"हरवलंस ना? पोट भरलं नाही अजून?"

"दादा, तू काल घाबरला नव्हतास."

"मला सांगायला आलीस? मला ठाऊक आहे मी घाबरलो नव्हतो!"

"मग हात का हलत होता?"

त्यानं हात मांडीखाली आणखी आत सारला.

"तो कंपवात आहे बहुतेक. मी आधी पाहिलाय, तसाच. डॉक्टरांकडे जा. लवकर कळलं तर औषधांनी..."

"थांब," यशोधन म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "तुला हे कधी कळलं?"

मैथिलीला खोटं बोलता आलं असतं. तिची बोटं कुठल्याच तबकडीवर नव्हती.

"पहिल्या फेरीत. तू वाजवायला लागायच्या आधी."

"आणि रेषा बंद करता येत होती?"

"हो."

वहिनी पुढे आली.

"मी तुला फोन केला होता, मैथिली. आणि तू बसून बघत राहिलीस? लोक बाटल्या मारत होते त्यांना."

"हो, वहिनी."

"मग आता नीघ. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

ती उतरली. त्याच आठवड्यात तिनं शेट्येला सांगितलं की रेषा मोठ्या पडद्यावरून काढा. तो हसला.

"तुझी होती तोवर काढायची. आता लोकांची झाली. आपण बंद केली तर शेजारची कंपनी दाखवेल."

"त्या रेषेत आजारी माणूस आणि घाबरलेला माणूस लोकांना सारखाच दिसतो."

"लोकांना फरक हवाय असं तुला कुणी सांगितलं?"

तिनं नोकरी सोडली. त्यामुळे काहीही बदललं नाही. गजर चालू राहिला, तबकड्या विकल्या जात राहिल्या. मैथिली रुग्णालयांच्या यंत्रांवर हृदयाचे आलेख काढायचं काम करू लागली. तिथं निदान बघणारा माणूस शिकलेला असे आणि हसत नसे.

हिवाळ्यात एका सकाळी तिच्या दारावर थाप पडली. यशोधन उभा होता, मागे वहिनी, दोघांच्या मध्ये टर्नटेबलचं खोकं. तो आत आला, बस म्हणायची वाट न बघता बसला.

"डॉक्टर तेच म्हणाले, जे तू म्हणाली होतीस. आनंद झाला असेल."

"नाही झाला."

"मला ती रेषा पाहिजे. माझ्या लॅपटॉपवर. माझ्यासाठी."

"कशाला?"

"थांबल्यावर हात काय करतो ते मला कळत नाही. मला सगळ्यात शेवटी कळतं. सगळ्या दुनियेनं पाहिलंय, मीच नाही पाहिलं." तो तिच्याकडे बघत नव्हता. "माफ केलंय म्हणून आलो नाही. असं चित्र काढणारं दुसरं कुणी असतं, तर त्याच्याकडे गेलो असतो."

"मीही विसरलेली नाही, दादा. सुई तू उचलली होतीस."

"तुझा हात जडच होता."

"ऋजुता वहिनी, याला घेऊन जा," मैथिली म्हणाली. पण तोवर तिनं खोक्याचे खटके उघडले होते.

काम सोपं नव्हतं. गाण्याच्या लाटेखाली तिनं हाताची लाट मांडली. यशोधन बोट टेकवून बसला, दाते उमटले, आणि दोघंही बघत राहिले. खाली दाते, वर तांबडे ठोके. दाते ठोक्यांच्या मधूनच कुठेतरी पळत होते, बेताल.

"गाणं जलद आहे," मैथिली स्वतःशीच म्हणाली. "सेकंदाला पाच दाते. मिनिटाला पंचाहत्तर ठोक्यांचं गाणं घेतलं, तर एका ठोक्यात बरोबर चार मावतील."

यशोधननं झटकन मान वळवली. त्यानं डाव्या हातानं गाण्याचा वेग खाली ओढला. दाते आणि ठोके एकमेकांकडे सरकत आले आणि जुळले. मैथिलीनं हाताची बारीक हालचाल वाढवून गाण्याला जोडली. खोलीत एक आवाज सुरू झाला, सुपात धान्य पाखडावं तसा, एका ठोक्याला चार, न चुकता. यशोधन काहीच करत नव्हता. त्याचा हात विसावला होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"दात्यांना पिवळा रंग काय दिलास?" यशोधन खेकसला. "डोळ्यांत जातो."

"जाऊ दे. तो दिसायलाच हवा."

असे भांडत ते दर आठवड्याला बसले. थरथर कधी मंद होई, कधी किंचित जलद. मग एका मर्यादेपर्यंत गाण्यानं हाताच्या मागे चालावं अशी सोय मैथिलीनं केली. कधी तो उठून निघून जाई, कधी ती लॅपटॉप बंद करून टाके. पुढच्या आठवड्यात पुन्हा खोकं येई.

पुढच्या स्पर्धेत तो उतरला. कुणाला काही सांगितलं नाही. बोट टेकलं, वर मोठ्या पडद्यावर दाते आले, आणि अपेक्षेप्रमाणे गजर उठला. मग त्या गजराखालून तो आवाज आला, पाखडल्यासारखा. पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागच्या झाल्या नाहीत. यशोधननं डाव्या हातानं त्यावर ढोल चढवला, उजवा हात तसाच सोडून दिला, आणि थोडा वेळ ते दोन्ही आवाज, लोकांचा आणि हाताचा, एकमेकांशी झुंजत राहिले. मग मध्येच काहीतरी सुटलं. थरथर त्या मर्यादेबाहेर मंदावली आणि ठोक्यामागे पडली. त्यानं सावरायला उजवा हात उचलला, तर तो लाकडासारखा उशिरा उठला.

पंचांनी त्याला दुसऱ्याच फेरीत काढलं. शिवाय, इच्छेविरुद्ध झालेली हालचाल कौशल्यात धरता येत नाही, असा शेरा वाचून दाखवला. मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर गाडीपाशी आल्याआल्या तो मैथिलीवर तुटून पडला.

"तुझा पडदा उशीर करत होता! बघत होतो मी. घात केलास पुन्हा."

तिनं गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला, मघाची नोंद लावली, दोन्ही लाटा एकाखाली एक आणल्या. बराच वेळ बघितलं.

"पडदा वेळेवर होता, दादा. हात उशीर करत होता. सकाळची कंपवाताची गोळी घेतली नाहीस ना?"

ऋजुता वहिनी गाडीचं दार अर्धवट उघडून तशीच उभी राहिली.

"घेतली नाहीत?" ती म्हणाली. "मला म्हणालात घेतली. डॉक्टरांनी बजावलंय, एकही चुकवायची नाही. जीव घेणार आहात का माझा, या तबकडीपायी?"

"गोळी घेतली की थरथर जाते," यशोधन ओरडला. "नाही घेतली की हातच आखडतो. आता दोघी मिळून सांगा, वाजवू काय?"

आजूबाजूला गाड्या निघत होत्या. कुणीतरी काच खाली करून "कुसळं!" असं ओरडून गेलं. तिघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

"गोळी चढायला वेळ लागतो आणि उतरायलाही," मैथिली म्हणाली. "मध्ये कुठेतरी हात मोकळा असेल आणि थरथरही असेल. थोडाच वेळ. पण असेल."

"कधी?"

"मला माहीत नाही. मोजावं लागेल."

वहिनीनं पर्समधून गोळी काढली, त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर ठेवली. ती पांढरी गोळी तिथं थरथरत राहिली. यशोधननं तिच्याकडे पाहिलं, मग तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली.

"मोज," तो बहिणीला म्हणाला. "आणि तो पिवळा रंग काढ आधी."

"काढणार नाही," मैथिली म्हणाली, आणि खोक्यातून तबकडी काढून बॉनेटवर त्याच्यापुढे सरकवली.